आजचे चिंतन – दासबोध, दशक 19, समास 1 : लेखनक्रिया आणि कित्ता

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥



काल आपला अठरावा दशक पूर्ण झाला. आजपासून एकोणिसावा. या दशकाचं नाव आहे 'शिकवण'. एवढं मोठं नाव वाचल्यावर वाटतं, आता समर्थ भक्तीचं, वैराग्याचं काहीतरी शेवटचं गुह्य सांगणार. 20 दशकांचा ग्रंथ, 200 समास, त्यातला हा शेवटून दुसरा दशक. आणि समर्थ सुरुवात कशापासून करतात? अक्षर कसं काढावं, कागद कसा असावा, दोन ओळींत अंतर किती ठेवावं, इथपासून!

पारायणात हा समास पाच मिनिटांत वाचून होतो. त्यात मायाब्रह्माची चर्चा नाही, म्हणून मनही फारसं थांबत नाही. पण गेले सात महिने मी रोज पहाटे अर्धा तास बोरूने कित्ता गिरवतोय, त्यामुळे यावेळी मला या समासातला एकेक शब्द हाताला जाणवला. म्हणून आज नेहमीपेक्षा थोडं सविस्तर लिहितो. वेळ काढून वाचा.

समासाचा आशय

समर्थ म्हणतात, बालबोध अक्षर घोटून घोटून सुंदर करावं, इतकं की जाणत्या माणसाला ते पाहून बरं वाटावं. अक्षर गोल, सरळ आणि सुटं असावं, शाई दाट काळी असावी, आणि ओळी मोत्यांच्या माळांसारख्या दिसाव्यात. काना, मात्रा, वेलांटी यांतलं प्रत्येक चिन्ह आपापल्या जागी नीट बसलेलं असावं. ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर शेजारी ठेवलं तर दोन्ही एकाच बैठकीत, एकाच टाकाने लिहिली असं वाटावं. शाईचा काळेपणा, टाकाची जाडी, अक्षराचं वळण, सगळं सारखं.

मग ते पानाकडे वळतात. पान आधी शिशाने आखून घ्यावं आणि मग त्या रेघांवर नेमकं लिहावं. वरच्या ओळीतलं लांब अक्षर खालच्या ओळीला भिडू नये. पुन्हा तपासायला बसलं तर चूक सापडू नये. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण तेच म्हातारपणी आपल्याला वाचता येणार नाही. अक्षर मध्यम ठेवावं. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झिजून गळाल्या तरी मजकूर शाबूत राहील.

शेवटी साहित्याची यादी येते: जाड कागद, त्याला खळ लावणं, घोटणं, सुऱ्या, कात्र्या, निरनिराळ्या प्रांतांतले बोरू, हिंगूळ, शाईचा साठा, पोथी बांधायची बासनं, मेणकापड, पेट्या आणि कुलपंसुद्धा. एखाद्या कारखान्याची तपशीलवार यादी वाचतोय असं वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. समासाच्या आरंभी ही सूचना ब्राह्मणाला उद्देशून आहे. त्या काळात लिहिणं-वाचणं थोड्यांच्या हातात होतं, हे त्यातून दिसतंच. पण त्याच शतकात तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे व्यवसायाने तेली होते, आणि त्यांच्या वह्या आपल्यासाठी केवढं मोठं धन आहेत! तेव्हा आज हा उपदेश टाक हाती धरणाऱ्या प्रत्येकाला आहे असं समजूनच वाचू या.

अक्षराला एवढं महत्त्व का?

आज मला एखादा समास मित्राला द्यायचा तर मी कॉपी-पेस्ट करतो. दोन सेकंद. मूळ आणि प्रत यांत एका अनुस्वाराचाही फरक पडत नाही. समर्थांच्या काळी ग्रंथ पुढे जायचा तो कुणाच्या तरी हातातून. एकाने लिहिलं, त्यावरून दुसऱ्याने उतरवलं, त्यावरून तिसऱ्याने. पहिल्याचा 'भ' जर 'म' सारखा दिसत असेल तर दुसरा 'म' लिहिणार, आणि तिसऱ्याला कधी कळणारही नाही की तिथे 'भ' होता. त्यातून जुन्या पोथ्यांत शब्द तोडलेले नसत, सगळी ओळ सलग. एक अक्षर बिघडलं की दोन शब्दांची सीमाच हरवायची.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण ज्ञानेश्वरीचं. माउलींनी ग्रंथ सांगितला शके 1212 म्हणजे 1290 मध्ये. पुढच्या सुमारे 300 वर्षांत प्रतींवरून प्रती होत गेल्या आणि पाठ इतके बिघडले की एकनाथ महाराजांना शके 1506 म्हणजे 1584 मध्ये प्रती मिळवून शुद्ध पाठ ठरवावा लागला. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तीनशे वर्षांचे बग एका माणसाने बसून काढले. समर्थांना हा इतिहास अनोळखी असणार नाही. त्यांचे मठ दूरदूर पसरलेले, प्रत्येक मठात ग्रंथ पोचायला हवा, आणि तो नेणारं साधन एकच: शिष्याचा हात. म्हणून अक्षराचा आग्रह.

आणि हे सांगणारा स्वतः लिहून थकलेला माणूस आहे. समर्थांच्या हस्ताक्षरातलं म्हणून ओळखलं जाणारं वाल्मीकि रामायण धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेलं आहे. आधी केलं, मग सांगितलं.

चुकलेलं अक्षर झाकायला त्या काळी पिवळा हरताळ लावत आणि त्यावर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. समर्थांना पानावर तो पिवळा डाग नको आहे. मागे जाऊन दुरुस्त करण्यापेक्षा लिहितानाच सावध राहा, असं ते सांगतात.

कित्ता म्हणजे काय?

कित्ता म्हणजे नमुन्याची ओळ. जाणत्याने वर एक ओळ लिहून द्यायची आणि शिकणाऱ्याने खाली तीच पुन्हा पुन्हा काढायची. त्याआधी धूळपाटी असायची: फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचं. हात फिरवला की पाटी कोरी. धूळपाटीवरून कागदावर यायला मुलाला बराच काळ लागत असे.

मराठीत अक्षराच्या वळणाला आणि माणसाच्या वळणाला शब्द एकच आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? अक्षराला वळण असतं आणि मुलाला वळण लावतात. दोन्ही एका दिवसात लागत नाही आणि दोन्ही कुणाचं तरी पाहूनच लागतं.

ज्यांना सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी मी ज्या क्रमाने शिकतोय तो देतो:

1. पान आखणे. दुरेघी वही चालेल, पण स्वतः पेन्सिलीने आखलेलं पान उत्तम. मी दोन रेघांत दीड सेंटिमीटर ठेवतो, आणि वरच्या-खालच्या जोडीत वेलांटी व उकार मावतील एवढी मोकळी जागा सोडतो. आखायला दहा मिनिटं जातात. ती वाया जात नाहीत, मन तेवढ्यात बसतं.

2. नुसत्या रेघा. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. ते कागदाशी साधारण 45 अंशात धरलं आणि तो कोन हलू दिला नाही, तर उभी आणि आडवी रेघ सारख्या जाडीची येते, आणि गोलाईत बारीक-जाड आपोआप उमटतं. पहिले पंधरा दिवस मी फक्त उभी, आडवी, तिरपी रेघ आणि अर्धगोल काढले.

3. अक्षरांची घराणी. बाराखडीच्या क्रमाने न जाता सारख्या अवयवांची अक्षरं एकत्र घ्यायची: ग, म, भ, न. मग व, ब, क. मग प, ष, फ. मग ट, ठ, ढ, द. 'व' चा गोल जमला की 'ब' आणि 'क' अर्धे झालेलेच असतात.

4. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार. समर्थांचा भर इथेच आहे. अक्षर सुंदर आणि मात्रा कुठेतरी उडालेली, असं चालत नाही.

5. जोडाक्षरं आणि शब्द. बालबोधात आधी अक्षरं काढून मग शिरोरेषा द्यायची. मोडीत उलट, आधी पानभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. मोडी वेगासाठी, बालबोध वाचणाऱ्यासाठी.

6. रोज एक ओवी. चार चरण, एक पान. त्याहून जास्त नाही.

'ल' आणि 'श' बद्दल प्रश्न येतील म्हणून सांगतो: महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच मराठीची रूपं ठरवली आहेत. जुन्या वळणाचा कित्ता गिरवणाऱ्यांच्या हातात ती आधीपासूनच होती.

बाबांची वही

आता मी हे का शिकतोय ते सांगतो.

माझे बाबा तलाठी होते. सात-बारा हाताने लिहायचे दिवस होते ते. त्यांच्या दप्तराचं अक्षर पाहून पक्षकार म्हणायचे, उतारा छापल्यासारखा आहे. निवृत्तीनंतर त्यांनी दासबोध हाताने उतरवायला घेतला. एक समास झाला की तारीख टाकायची, पुढचा सुरू. तेराव्या दशकापर्यंत पोचले आणि कंपवात सुरू झाला.

कंपवातात हात थरथरतो एवढंच मला माहीत होतं. पण त्यात अक्षर लहानही होत जातं. ओळीच्या सुरुवातीला ठीक असतं आणि शेवटाकडे जाता जाता बारीक होत होत मुंगीएवढं होतं. बाबांच्या वहीतली शेवटची पानं पाहिली की ते स्पष्ट दिसतं. तरुणपणी बारीक लिहू नये हा उपदेश वाचताना मला आता वेगळंच वाटतं. बाबांनी आयुष्यभर मध्यम, मोकळंच लिहिलं. शरीराने ते बारीक केलं.

त्यांच्या फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, आखलेल्या रेघांत मोठं मोठं लिहायचा सराव करा, रेघ समोर दिसली की हाताला आकार धरायला मदत होते. म्हणजे समर्थांनी लेखकाला सांगितलेलं पहिलं काम, पान आखणं, तेच. मी दुरेघी वही आणून दिली. आठवडाभराने बाबा म्हणाले, "मी एकच ओळ नीट काढू शकतो. खालचं पान रिकामं राहतंय. ते तू भर."

तेव्हापासून रोज असंच चाललंय. बाबा वरची ओळ काढतात, कधी कधी त्या एका ओळीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मी खाली तीच ओळ गिरवतो. हा माझा कित्ता.

गेल्या महिन्यात त्यांनी ती मोठी वही पुढे सरकवली. तेराव्या दशकातला एक समास अर्ध्यावर थांबलाय. मी विचारलं, "नव्या पानावरून सुरू करू का? तुमचं आहे ते तसंच राहील." ते म्हणाले, "कशाला? जिथं थांबलंय तिथून पुढं लिही."

म्हणजे एकाच पानावर दोन हात येणार. आणि आजचा समास तर म्हणतो की पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं! मी कितीही गिरवलं तरी माझा 'क' बाबांचा 'क' होणार नाही. ही अडचण घेऊन मी बरेच दिवस या समासाभोवती फिरत होतो.

मला जे उत्तर सापडलं ते दासबोधाच्या जन्मातच आहे. परंपरा सांगते की शिवथरघळीत समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले. वाणी एकाची, हात दुसऱ्याचा. कल्याणांच्या हातची म्हणून मानली जाणारी प्रत डोमगावच्या मठात जपली गेली, आणि पुढे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तिच्यावरून ग्रंथ छापून सर्वांपर्यंत पोचवला. आपण आज वाचतो तो दासबोध अशा किती जणांच्या हातांतून आलाय! हात बदलत गेले. सावधपणा मात्र एकच राहिला, तो राहिला म्हणून मजकूर टिकला. 'एकच टाक' याचा अर्थ मी माझ्यापुरता असा घेतो: मागच्याने ज्या काळजीने लिहिलं, त्या काळजीत खंड पडू नये. अक्षराचं वळण जमेल तेवढं जवळ न्यायचं, बाकीचं रामावर सोपवायचं.

उद्या गुरुवार. उद्या त्या पानावर पहिली ओवी लिहिणार आहे.

लोकांना हेवा वाटावा, हे कसं?

या समासात एक जागा साधकाला अडखळवते. समर्थ म्हणतात, ग्रंथ असा लिहावा की पाहणाऱ्याच्या मनात हेवा उपजावा, हा लिहिणारा माणूस एकदा पाहायला हवा असं लोकांना वाटावं. आता, इतर ठिकाणी अहंकार टाका म्हणून सांगणारे समर्थ इथे कौतुकाची हाव धरायला सांगतात का?

मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, समर्थांना कामाची उत्कटता हवी आहे. देह झिजवा, पण मागे काहीतरी चांगलं उरू द्या, हा त्यांचा सूर साऱ्या ग्रंथात आहे. देवाचं काम म्हणून ओबडधोबड चालेल, ही सवलत ते देत नाहीत. आपणही ऑफिसच्या कोडचा रिव्ह्यू चार वेळा करतो आणि पूजेला बसलो की घाईने उरकतो, तिथे हा समास नेमका टोचतो.

दुसरी गोष्ट बाबांनी सांगितली. मी त्यांना हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "वाईट अक्षर असलं की वाचणाऱ्याला आधी लिहिणारा दिसतो. चांगलं असलं की मजकूर दिसतो." चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनींचे उतारे लिहिलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे. मला वाटतं, हेव्याचं उत्तर त्यात आहे. सुंदर अक्षर माणसाला पानाकडे ओढतं, आणि एकदा वाचायला लागलं की लिहिणारा बाजूला होतो.

तरीही कौतुकाचा धोका आहेच. पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा मोह रोज होतो. मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय: पान संपलं की आधी त्यावरची ओवी अर्थासकट मोठ्याने म्हणायची. ती म्हणता आली नाही, तर ते पान फक्त रेघोट्या.

पुढच्या समासाचा धागा

या नियमाला आधार पुढच्याच समासाचा आहे. दुसऱ्या समासात समर्थ म्हणतात, लेखनाचे प्रकार सांगून झाले, आता अर्थाचे ऐका. आणि मग शब्द, अर्थ, विवरण यांकडे नेतात. म्हणजे अक्षर ही पहिली पायरी. तिच्यावरच बसून राहायचं नाही, पण ती गाळायचीही नाही.

गिरवण्याचा खरा लाभ मला इथेच मिळाला. डोळ्याने वाचताना मी ओवी तीन सेकंदांत ओलांडतो. बोरूने लिहिताना तीच ओवी दहा-बारा मिनिटं समोर राहते. एकेक अक्षर थांबवतं. हा शब्द इथे का आला असेल, असं आपोआप मनात येतं. मनन मनन म्हणतात ते करायचं कसं, हे मला कुणी हाताला धरून शिकवलं असेल तर या कित्त्याने.

आजचा अभ्यास

1. दासबोधातला 19 व्या दशकाचा पहिला समास आज दोनदा वाचा. एकदा भरभर, एकदा बोट ठेवून.
2. एक कोरं पान पेन्सिलीने आखा. बोरू नसला तर साधं पेन चालेल. समासातली तुम्हाला आवडलेली एक ओवी मोठ्या अक्षरात, चारही बाजूंना जागा सोडून लिहा.
3. लिहून झाल्यावर तिचा अर्थ आपल्या शब्दांत मोठ्याने सांगा. ऐकायला घरात कुणी असेल तर उत्तम.
4. घरात आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या हातची वही, पत्र, रामनामाची पानं असतील तर आज काढून पाहा. कडा झिजल्या असतील तर स्वच्छ कापडात बांधून ठेवा. समर्थांनी बासनं, पेट्या आणि कुलपंसुद्धा सांगितलीत ती याचसाठी.

उद्या दुसरा समास पाहू.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥